आंधळ्या पुलावरचा खून आणि मराठी तीस

“आंधळ्या पुलावरचा खून मी केलाय,” बाई म्हणाल्या, आणि तेरदाळे सरांच्या टायपिंग क्लासमधल्या सगळ्या मशिनी एकदम थांबल्या.

मशिनी थांबल्या की त्या खोलीत पंख्याचा आवाज येतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाई दारात उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, एका हातात छत्री, खांद्याला फुगलेली कापडी पिशवी.

“या की, बसा,” सर म्हणाले. सरांना कुणीही येऊन काहीही सांगितलं तरी ते आधी बसा म्हणायचे. “ॲडमिशन काय?”

बाई बसल्या नाहीत. त्यांनी पिशवी सरांच्या टेबलावर उपडी केली. आतून कागदाच्या पुड्या निघाल्या. ढीगच. तेल पिऊन आरपार झालेल्या, एकात एक खोचलेल्या. खोलीभर लसणाचा वास सुटला.

“हा पुरावा,” बाई म्हणाल्या.

सरांनी एक पुडी उलगडून उजेडाकडं धरली. कागद आमच्या क्लासचा आहे हे मला लांबूनच कळलं. ‘ख’चा पाय मोडलेलं मशीन अख्ख्या गडहिंग्लजमध्ये एकच होतं आणि त्याच्यावर मी बसायचो.

आता मी तिथं का बसायचो ते सांगायला हवं.

वडील पंचायत समितीत कारकून होते. ते गेले आणि अनुकंपा तत्त्वावर त्यांची खुर्ची मला मिळाली. खरंच तीच खुर्ची, डावीकडं कलणारी. वडील जन्मभर जरा तिरके का बसायचे, ते मला नोकरीच्या पहिल्या दिवशी समजलं. पण खुर्चीबरोबर एक अट होती. दोन वर्षांच्या आत मराठी तीसची परीक्षा पास व्हायची, म्हणजे मिनिटाला तीस शब्द टाइप करायचे. नाही झालं तर खुर्ची परत. घरात कमावणारा मी एकटाच होतो, आणि आई सकाळी डबा हातात देताना ‘झालं काय रे तुझं टायपिंग?’ असं विचारायची, जसं काही ते गॅसवर ठेवलेलं आहे.

झालं नव्हतं. मी तीनदा बसलो होतो आणि तीनदा पडलो होतो. दोष बोटांचा नव्हता, उताऱ्यांचा होता. सरावाला उतारे असायचे ते ‘शेळीपालन : एक उत्तम जोडधंदा’ किंवा ‘स्वच्छतेचे महत्त्व’. दुसऱ्या ओळीला माझे डोळे मिटायचे. तिसऱ्या ओळीला बोटंही मिटायची. मुदत संपायच्या आत आता एकच परीक्षा उरली होती. आस्थापना विभागातले लोक माझ्याकडं बघताना खुर्चीकडंच जास्त बघायला लागले होते.

अशात सरांनी शोध लावला. तेरदाळे सर स्वभावानं संशोधक, परिस्थितीनं टायपिंग क्लासवाले. त्यांना कुठल्याशा रद्दीत एक जुनी रहस्यकथा सापडली. ‘आंधळ्या पुलावरचा खून’, लेखक सु. रा. हलकर्णीकर. सरांनी गंमत म्हणून शेळीपालनाऐवजी त्यातलं पहिलं पान आम्हाला सरावाला दिलं. पानाच्या शेवटी पुलावर बैलगाडी थांबते, गाडीवान खाली उतरतो, आणि गवतात त्याला एक हात दिसतो. पान संपलं. तास संपला. बॅच उठेना.

“सर, हात कुणाचाय?” तब्बसुम मुल्लाणीनं विचारलं.

“उद्या,” सर म्हणाले, आणि पुस्तक टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी बॅचमध्ये एकही गैरहजर नव्हता. त्यानंतर कधीच कुणी गैरहजर राहिलं नाही. तब्बसुम तर ताप घेऊन आली. सर रोज एक पान स्वतः टाइप करायचे, कार्बन लावून, आणि बॅचला वाटायचे. शेवटची कार्बन प्रत माझ्या वाट्याला यायची, कारण माझं मशीन शेवटचं. त्या प्रतीत अक्षरं नसायची, अक्षरांची आठवण असायची. तरी माझा स्पीड वाढत होता. वाक्याच्या शेवटी काय आहे हे बघायचं असेल तर वाक्य टाइप करावं लागतं, हा साधा हिशेब माझ्या बोटांना पटला होता. अठराचा मी चोवीसला आलो होतो. परीक्षेला तीनेक आठवडे होते, आणि माझी सगळी भिस्त त्या मेलेल्या माणसावर होती.

आणि आता खून केलेली बाई दारात.

“म्हणजे सु. रा. हलकर्णीकर...” सर पुडी खाली ठेवत म्हणाले.

“सुलभा रामचंद्र. मी.”

“आम्ही तुम्हाला पुरुष धरलं होतं.”

“धरलं होतंत?”

“आणि गेलेले. म्हणजे, आदरानं.”

बाई बसल्या. मला वाटतं, बसण्याशिवाय त्यांच्यापुढं काही इलाज उरला नाही.

झालं होतं असं. बाई हायस्कूलला गणित शिकवून रिटायर झाल्या होत्या. एका संध्याकाळी स्टँडवर शिवाप्पाच्या गाड्यावर त्यांनी भडंग घेतलं. खाता खाता पुडी वाचायला लागल्या. पुडीत आंधळा पूल होता. त्यांनी तरुणपणी लिहिलेला, एका प्रकाशकानं कसाबसा छापलेला आणि कुणीच न वाचलेला पूल. पुडी जिथं संपली तिथं मजकूर तुटला, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा भडंग घेतलं. मग रोज. पुड्या क्रमानं मिळत नव्हत्या, त्यामुळं काही दिवशी दोन-दोनदा घ्यावं लागलं. कागद कुठून येतो ते शेवटी शिवाप्पानंच सांगितलं.

“डॉक्टरांनी मला तेलकट बंद केलंय,” बाई म्हणाल्या. “हे सगळं मी पुराव्यासाठी खाल्लंय. आता मला सांगा, माझं पुस्तक इथं रोज सहा-सहा प्रतींत निघतंय, ते कुणाच्या परवानगीनं?”

सर मुळीच गडबडले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला. अशा प्रश्नाची वाट बघत ते बरीच वर्षं बसले असावेत.

“धैर्या,” त्यांनी मला हाक मारली, “कलम बावन्न सांग.”

माझं नाव धैर्यशील मगदूम. उभं राहून मी सांगितलं, “शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात एखाद्या कृतीची नक्कल केल्यास त्याने कॉपीराइटचा भंग होत नाही.” सांगताना माझी बोटं हवेत आपोआप हलत होती.

कॉपीराइटचा कायदा आम्हाला पाठ होता, कारण रहस्यकथेच्या आधी सर सरावाला तोही द्यायचे. कठीण शब्द भरपूर आणि वाक्यं लांब. नक्कल करू नये असं सांगणाऱ्या कायद्याची आमच्यातल्या प्रत्येकानं इतक्यांदा नक्कल केली होती की रिबन बदलावी लागली होती.

“बघा बाई,” सर म्हणाले, “मी शिक्षक. ही पोरं विद्यार्थी. आणि बाकीचे मास्तर शिकवताना नक्कल करतात, आमच्यात नक्कल हेच शिकवणं आहे. आमचा ओघच तो.”

“नकलेबद्दल मी काही म्हटलंच नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “मीही शाळेत होते. प्रश्नसंग्रहांतली गणितं मी काय घरी पिकवत होते? कलम बावन्न मला माहीत आहे. सत्तावन्न सांग.”

मी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं बघितलं.

“सत्तावन्नपर्यंत आम्ही पोचलो नव्हतो,” मी म्हणालो. “मध्येच खून झाला.”

“मग ऐक. लेखकाच्या लेखनाची मोडतोड करून त्याच्या नावाला कमीपणा आणायचा नाही. हक्क विकला, पुस्तक विकलं, काहीही केलं, तरी हे लेखकाकडेच राहतं.” बाईंनी ढिगातून एक पुडी उचलली, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. “‘इन्स्पेक्टर उच्छृंखलरावांनी क्षुद्रप्पांच्या प्रेताकडे पाहिले आणि ज्योत्स्नेला विचारले.’ तेरदाळे, माझ्या इन्स्पेक्टरचं नाव मोहन होतं.”

आम्हाला हे नवीन होतं. इतके दिवस आम्ही उच्छृंखलरावांच्या मागं जिवाच्या आकांतानं धावत होतो.

“मोहनमध्ये काय आहे हो बाई?” सर कळवळून म्हणाले. “म, ह, न. तीन टिचक्या मारल्या की मोहन झाला. त्यानं कुणाचं बोट तयार होतंय? उच्छृंखलराव टाइप करून बघा. पानात दहादा आला की परीक्षेत काहीही येऊ दे, पोरगं घाबरत नाही.”

“उच्छृंखल हे नाव आहे?”

“नाव नसेल. व्यायाम आहे.”

“आणि क्षुद्रप्पा? माझे नाना सावकार होते ते. चांगले दानशूर होते!”

“नानांत तर काहीच नाही, बाई.”

“असल्या नावाचा इन्स्पेक्टर सरकार कुठं नेमेल का? वाचणारा काय म्हणेल? हलकर्णीकर बाईंना साधं माणसाचं नाव ठेवता येत नाही?” बाईंचा आवाज चढला. “आणि तुमचं ते शिकवणं क्लासात संपतं. पुढं ही पानं शिवाप्पाकडं कशी जातात? भडंग शिक्षणात येतं?”

सर पहिल्यांदा खाली बघायला लागले. “कागद वाया जाऊ नये म्हणून देतो. तो संध्याकाळी थोडं भडंग पाठवतो.”

“म्हणजे माझ्या कादंबरीच्या बदल्यात तुम्ही भडंग खाता.”

“कांदा घालून,” सर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, निदान तेव्हा आमची तशी समजूत होती.

“आजपासून हे बंद,” बाई उठल्या. “पुस्तक द्या माझं. माझ्याकडची शेवटची प्रत भावानं बेळगावला नेली ती परत आणली नाही. ही मी नेणार.”

पुस्तक गेलं की शेळ्या परत येणार. शेळ्या आल्या की मी अठराला. अठरा म्हणजे खुर्ची गेली. मी उभाच होतो, तसाच पुढं गेलो.

“बाई, असं करू नका,” मी म्हणालो. “परीक्षेपर्यंत तरी राहू दे. माझी नोकरी आहे त्याच्यावर.”

“कशावर?”

“खुनावर.”

मग मी त्यांना खुर्चीची गोष्ट सांगितली. त्या ऐकत होत्या, पण गणिताच्या बाईंसारख्या, म्हणजे उत्तर आधी ठरवून.

“पानं टाइप केल्यानं नोकरी टिकते असं म्हणायचंय तुला?”

“पुढं काय आहे ते कळावं म्हणून टाइप केल्यानं. मला झोप येत नाही तुमच्या पुस्तकात.”

बाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “झोप येत नाही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. एवढ्यात सरांनी खणाचं कुलूप काढून पुस्तक पुढं केलं, आणि बाईंनी ते मागून उघडलं. लेखक आपलं पुस्तक मागून उघडतात की काय कोण जाणे.

“शेवट कुठाय याचा?”

शेवट नव्हता. शेवटची काही पानं मुळापासून गेलेली होती.

“मला मिळालं तेच असं,” सर म्हणाले. “आजचं पान शेवटचं.”

आता मात्र बॅचमध्ये हाहाकार झाला. इतके दिवस आम्ही ज्या शेवटाकडं बोटं आपटत निघालो होतो, तो शेवट नव्हताच. मागच्या मशीनवरचा एक जण “फसवणूक हाय ही” असं म्हणाला. तब्बसुम उठून थेट बाईंसमोर उभी राहिली.

“बाई, तुम्ही लिहिलासा न्हवं? मग तुम्हीच सांगा की. खून कुणी केला?”

“मी सांगणार नाही.”

“मी सांगतो मग,” तब्बसुम म्हणाली. आमच्याकडं पोरी स्वतःबद्दल अशाच बोलतात. “पोस्टमननं. पहिल्या पानावर पत्र द्यायला येतोय, त्यानंतर त्याचं नाव न्हाई. एवढा वेळ कुठं गेला तो? पत्रं वाटायला एवढा वेळ लागत न्हाई.”

बाईंचा चेहरा क्षणभर कोरा झाला. फळ्यावर उत्तर लिहिण्याआधीच मागच्या बाकावरून कुणी ते सांगितलं की मास्तरांचा होतो तसा.

“छे,” त्या म्हणाल्या. “काहीतरीच.”

“मग कुणी?”

बाईंनी आमच्याकडं बघितलं. सगळी बॅच मशिनी सोडून टेबलाभोवती जमली होती. त्यांच्या पुस्तकाभोवती एवढी माणसं कधी उभी राहिली नसावीत.

“आठवत नाही,” बाई म्हणाल्या.

“आँ?”

“चाळीस वर्षं झाली. तुम्हाला काल काय जेवलात ते आठवतं का?”

“चवळी,” तब्बसुम म्हणाली. “पण मी कुणाचा खून केलेलो न्हाई. खून केलेला माणूस इसरंल व्हय?”

सरांचा हात खणाकडं गेला होता. खण त्यांनी अर्धा उघडला. मग बाईंचं ‘आठवत नाही’ ऐकून ते थांबले, बाईंकडं जरा निरखून बघितलं, आणि खण हळूच बंद केला. हे मी पाहिलं आणि विसरून गेलो.

“बाई,” सर म्हणाले, “एक विचारू? पुढचं तुम्हीच सांगा ना. रोज या, खुर्चीवर बसा, तोंडी सांगा. पोरं ऐकून टाइप करतील. कलम बावन्न नको, सत्तावन्न नको. लेखकच समोर असल्यावर कायद्याला काय काम?”

बाईंनी अटी घातल्या. इन्स्पेक्टरचं नाव मोहन. नाना ते नाना. ज्योत्स्नेचं मूळ नाव लता, तेच ठेवायचं. शिवाप्पाकडं एकही कागद जाणार नाही.

“भडंग बंद?” सरांनी हळूच विचारलं.

“विकत घ्या,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बरोबर वेळेवर बाई आल्या. सरांनी त्यांच्यासाठी पंख्याखाली आपली खुर्ची ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसले. आम्ही कागद चढवून तयार. बाईंनी घसा साफ केला.

“नवं प्रकरण. पुलाखाली सकाळी पोस्टमनचं प्रेत सापडलं.”

मशिनींचा खडखडाट सुरू झाला. तब्बसुमचं मशीन तेवढं थांबलं.

“मी नाव घेतलो म्हणून मारलासा त्याला!”

“टाइप कर,” बाई म्हणाल्या.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला कादंबरी म्हणायचं की काय, मला माहीत नाही. बाई बोलायच्या वर्गात प्रमेय सांगितल्यासारख्या, न थांबता, आणि वाक्याच्या मध्यावर पुढचं वाक्य सुरू करायच्या. मागं पडलं की गेलं, परत सांगणार नाहीत. पोस्टमनच्या थैलीत एक पत्र निघालं, ते नानांनी स्वतःच्या मृत्यूनंतरच्या तारखेला लिहिलेलं. दुसऱ्या आठवड्यात नदीत सर्कशीचा तंबू वाहत आला आणि त्यात एक उंट होता. उंटानं काय पाहिलं, यावर एक अख्खा तास गेला. सर मध्येच म्हणाले, “बाई, उंटाऐवजी उष्ट्र म्हटलं तर बोटांना...” बाईंनी नुसतं बघितलं. सर स्टुलावर मागं सरकले.

तब्बसुम रोज एकावर संशय घ्यायची. आणि ज्याच्यावर घ्यायची तो दुसऱ्या दिवशी निर्दोष सिद्ध व्हायचा, नाहीतर मरायचा. शेवटी गावातली माणसं वाचावीत म्हणून आम्ही तिला गप्प राहायची विनंती केली.

माझं म्हणाल तर, फिकट कार्बनची कटकट संपली होती. आता कानानं ऐकायचं आणि बोटानं पकडायचं. बाईंच्या मागं धावताना मला स्पीड मोजायचं भानच राहायचं नाही. एक दिवस सरांनी माझा कागद उचलला, घड्याळाकडं बघितलं, परत कागदाकडं बघितलं.

“किती सर?”

“काही नाही,” सर म्हणाले. “चालू दे.” पण ते आत जाऊन चहा सांगून आले, आणि सर कधी चहा सांगत नसत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंनी सगळ्यांना पुलावर गोळा केलं. मोहन, लता, सर्कसवाला, सावकाराचा भाचा, उंट. मोहन म्हणाला, “खुनी आपल्यातच आहे,” आणि त्यानं बोट उचललं.

“आणि त्याने बोट दाखवले ते...” बाई थांबल्या. पिशवी खांद्याला लावली. छत्री घेतली. “उरलेलं उद्या. परीक्षा झाल्यावर.”

“बाई!” सगळी बॅच ओरडली.

“चांगलं टाइप करा,” बाई म्हणाल्या आणि गेल्या.

परीक्षेला उतारा आला तो शेततळ्यांवर होता. तीन ओळींनंतर डोळे जड होणार हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हे संपल्याशिवाय ते कळणार नाही. शेततळं हे मध्ये आलेलं विघ्न होतं आणि ते तुडवून पलीकडं जायचं होतं. त्यातही ‘ग्रामसेवकाने तळ्याची पाहणी केली’ असं वाक्य आल्यावर मला ग्रामसेवकाचा संशय आला. पाहणी करायला तो एकटाच का गेला? पुढच्या परिच्छेदात लाभार्थी शेतकऱ्याचा उल्लेख एकदम बंद होतो, हेही मला खटकलं. उतारा संपला तेव्हा लाभार्थ्याचं काय झालं हे कुणीच सांगितलं नव्हतं, आणि घड्याळात वेळ उरला होता. माझ्या आयुष्यात परीक्षेत वेळ उरण्याचा तो पहिला प्रसंग.

केंद्रावरून आम्ही सगळे क्लासवर पळत आलो. बाई खुर्चीत बसलेल्या होत्या. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. सगळ्यांनी कागद चढवले.

“त्याने बोट दाखवले ते,” बाई म्हणाल्या, “गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या एका गणवेशधारी माणसाकडे. हा माणूस गेले महिनाभर आपण इन्स्पेक्टर आहोत असे सांगत गावात फिरत होता. मोहन म्हणाला, ‘तुमचे नाव ऐकताच मला शंका आली होती. असल्या नावाचा इन्स्पेक्टर सरकार नेमणार नाही. बेड्या घालून घ्या, उच्छृंखलराव!’”

सर स्टुलावरून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचा व्यायाम साहित्यात गेला होता.

निकाल लागला. मी पास झालो, आणि बरे मार्क पडून झालो. खुर्ची राहिली. आईनं दुसऱ्या दिवशी डबा देताना ‘झालं काय रे’ असं विचारलं नाही, आणि मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. मी पेढे घेऊन सरांकडं गेलो. क्लास रिकामा होता. सरांनी पेढा तोंडात टाकला, खण उघडला आणि घडी घातलेले दोन पिवळे कागद माझ्यापुढं ठेवले.

“हे बाईंना दे. आता द्यायला हरकत नाही.”

“काय आहे?”

“शेवट.”

“पुलाचा?”

“पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता,” सर म्हणाले. “खणाला कुलूप असलं म्हणून काय झालं? तुम्ही लोक आधी शेवटचं पान उघडता. मागची बॅच पाठ्यपुस्तकसुद्धा मागून वाचायची.”

“मग बाई शेवट कुठाय म्हणाल्या तेव्हा का नाही दिलात?”

“देणारच होतो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, आठवत नाही.”

“बरं मग?”

“अरे, पोस्टमननंच केलाय यात खून,” सर पेढा चघळत म्हणाले. “तब्बसुमनं पहिल्या दमात सांगितलं. आणि बाईंना चांगलं आठवत होतं. आठवत नसतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी त्यालाच कशाला मारलं असतं?”

मी पेढ्यांचा बॉक्स धरून उभा राहिलो. बाईंनी सरांना मोडतोडीवरून एवढं झाडलं, आणि घरी जाऊन स्वतः अख्ख्या पुस्तकाची मोडतोड केली. उंटासकट.

“शेवट दोन पानांचा होता,” सर म्हणाले. “परीक्षा तीन आठवडे लांब. त्यांनाही मोजता येतं की. गणिताच्या बाई त्या.”

मी बाईंच्या घरी गेलो. घर लहान, पुस्तकं थोडी. त्यांनी दार उघडलं, पास झालास ना असं विचारलं आणि आत बोलावलं. मी कागद पुढं केले. बाईंनी घडी उघडली, उभ्याउभ्याच पहिली ओळ वाचली, आणि त्यांना सगळं कळलं. सरांनी काय केलं, मला काय माहीत आहे, सगळं. त्यांनी बसून दोन्ही पानं सावकाश वाचली.

“वाईट लिहीत होते मी,” शेवटी त्या म्हणाल्या. “आत्ताचं बरं आहे.”

“उंट चांगला होता,” मी म्हणालो.

“कुणी विचारलंच नव्हतं रे तोवर, पुढं काय झालं म्हणून.” एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. पुराव्याच्या निमित्तानं लागलेली सवय सुटली नव्हती. त्यांनी दोन पानांतलं वरचं पिवळं पान घेतलं, सराईतपणे गुंडाळून त्याची पुडी केली, काठोकाठ भडंग भरलं आणि माझ्या हातात दिली.

“बाई, हे एकच आहे,” मी घाबरून म्हणालो. “याची प्रत इथं कुठंच नाही. मी आधी एक टाइप करून ठेवतो.”

“नको,” बाई म्हणाल्या. “खा.”

तब्बसुमला मी हे अजून सांगितलेलं नाही. तिचा पहिला अंदाज बरोबर होता हे कळलं तर ती मला सुखानं जगू देणार नाही, आणि सध्या ती पोस्टातच आहे.

पोस्टमननं खून का केला, ते मात्र मला आजही माहीत नाही. खाता खाता मी पुडी फिरवून बघितली. बाहेरच्या बाजूला एवढंच वाचता येत होतं: ‘पोस्टमन मान खाली घालून म्हणाला, त्याचे कारण एकच...’ आणि त्याखालची ओळ तेलात गेली होती.

लसूण मात्र भरपूर होता.